थ्रीडीतलं ऊन

मुंबईत कुठल्याही ऑफिस टॉवरचं काम निघालं की आधी निळे पत्रे उभे राहतात आणि मग पत्र्यांवर इमारतीचं थ्रीडी चित्र चढतं. आत खड्डा, बाहेर चित्र. पुढची चार, पाच किंवा सात वर्षं (बिल्डरची ऐपत आणि कोर्टाच्या तारखा यांवर ते ठरतं) ते चित्र ऊनपाऊस खात उभं असतं. फ्लेक्सवरच्या छपाईतला लाल आणि पिवळा उन्हाने आधी उडतो. निळा सगळ्यांत चिवट. त्यामुळे अर्धे स्लॅब पडेपर्यंत चित्रातली हिरवळ निळी होते, माणसं निळी होतात, संध्याकाळचं सोनेरी आकाश निळं पडतं आणि सगळा टॉवर समुद्राच्या तळाशी बांधायचा बेत असावा असं वाटायला लागतं. मग एक दिवस खरी इमारत पुरी होते. पत्रे अजून काढलेले नसतात. तेवढे दोन-तीन महिने चित्र आणि चित्राबरहुकूम झालेली इमारत अशी दोघं शेजारी शेजारी उभी असतात. या शहरात फुकट बघण्यासारखं जे काही उरलंय, त्यात याचा नंबर वरचा.

नीट बघितलं तर लक्षात येतं, की इमारतीच्या बाबतीत चित्र फारसं खोटं बोललेलं नसतं. मजले तेवढेच असतात. काचेच्या जागी काच असते. कोपरा जिथे डौलदार गोल होता तिथे निदान बोथट तरी असतो. थाप असते ती आजूबाजूची. चित्रकाराने इमारतीभोवती जे गाव वसवलेलं असतं, ते गाव, तिथली हवा आणि तिथली प्रजा मात्र कधीच येत नाही.

प्रजेचंच बघा. ऑफिसच्या प्रत्येक थ्रीडीत एक बाई असते: पोनीटेल, हातात कागदी ग्लास, कसलीही घाई नाही. सुटातला एक गृहस्थ मोबाइलवर कुणाशी तरी हसून बोलत असतो, म्हणजे पलीकडे साहेब नसावा. एक पोरगा स्केटबोर्डवर. आणि हमखास एक लहान मुलगी, हातात लाल फुगा. संध्याकाळी सात वाजता बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), शेअर बाजार बंद होऊन साडेतीन तास झाल्यावर, ही पोर नेमकी कुणाकडे आली आहे? फुगा तिला कुणी दिला? बीकेसीत आठशे रुपयांचं सॅलड मिळतं, पण फुगेवाला सापडणं मुश्कील.

यांच्यापैकी एकाच्याही गळ्यात आयकार्डाची पट्टी नसते. डबा नसतो, छत्री नसते, पाठीवर ती काळी लॅपटॉपची सॅक नसते. रांगेत कुणी नसतं. आणि खऱ्या बीकेसीत तर माणूस एका रांगेतून सुटतो तो दुसऱ्या रांगेत लागण्यासाठी: वांद्रे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाची, मग गेटवर बॅग तपासायची, मग लॉबीत लिफ्टची. ऑक्टोबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो आली, तेव्हा रांग जमिनीखालीही गेली.

चित्रातले हे लोक इथले नसतात हे उघड आहे. त्यातला एखादा मुंबईत मफलर गुंडाळून उभा असतो. स्वीडनमधल्या एका तरुण आर्किटेक्टने आपल्या मित्रांचे आणि घरच्यांचे फोटो कापून ‘स्कालगुब्बर’ या नावाने फुकट वापरायला ठेवले होते. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते आपापल्या इमारतींच्या दारात नेऊन उभे केले. त्या बिचाऱ्याचा एखादा मेहुणा आज आपल्याला न कळत तीस-चाळीस देशांच्या लॉबीत ताटकळत असेल. जेम्स ब्राइडल या ब्रिटिश लेखकाने तर या मंडळींना ‘रेंडर घोस्ट्स’ म्हणजे चित्रातली भुतं असं नाव दिलं आणि ती मूळची कोण, कुठली, याचा माग काढण्याचा खटाटोप केला. भुतांच्या मागे लागलेला माणूस आपल्याकडे नवा नाही. पण ही भुतं पिंपळावर न राहता ग्रेड-ए ऑफिसात राहतात, एवढाच फरक.

हे सगळं कॉम्प्युटरने आणलं असं मात्र समजू नका. आपलं सीएसएमटी, म्हणजे तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस, ही मुळात जीआयपी रेल्वेची कचेरी, मागे स्टेशन जोडलेली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या त्या आराखड्याचं एक भव्य जलरंगचित्र ॲक्सेल हेग या चित्रकाराने केलं. हेगही जन्माने स्वीडिश. त्या देशाचा आणि या धंद्याचा काय ऋणानुबंध आहे कोण जाणे. इमारतीचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं आणि झाली ती चित्राच्या तोडीस तोड. कमानी आल्या, घुमट आला, दगडातले मोर आणि माकडंही आली. ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ नावाची विद्या तेव्हा जन्मायची होती. आज तीच इमारत निघाली असती तर तिसऱ्या मीटिंगला माकडं कटली असती आणि पाचव्या मीटिंगला घुमटाच्या जागी पाण्याची टाकी आली असती.

न्यूयॉर्कमध्ये १९२०च्या दशकात ह्यू फेरिस यांनी याच कामात नाव काढलं. शिक्षणाने आर्किटेक्ट, पण आयुष्यभर इमारती रंगवल्या त्या दुसऱ्यांच्या. त्यांच्या कोळशाच्या चित्रांत रात्र असते, धुकं असतं आणि त्यातून वर चढत गेलेला काळा मनोरा. धुक्याची एक सोय अशी, की खिडक्या काढाव्या लागत नाहीत. उद्याच्या महानगरावरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं, आणि त्याच वर्षी वॉल स्ट्रीट कोसळली. उद्या थोडा पुढे ढकलावा लागला.

आपल्याकडचं माझं लाडकं प्रकरण अंड्याचं. २००८च्या सुमारास हाँगकाँगच्या जेम्स लॉ यांनी मुंबईसाठी चक्क अंड्याच्या आकाराची तेरा मजली ऑफिस इमारत जाहीर केली, नाव ‘सायबरटेक्चर एग’. चित्र असं, की बघणाऱ्याने आ वासावा. काचेचं झळझळीत अंडं, किंचित कललेलं. माथ्यावर बाग, सौर पत्रे, पवनचक्क्या. स्वच्छतागृहं अशी, की आत जाणाऱ्याचं वजन आणि रक्तदाब आपोआप मोजला जावा. अप्रेझलच्या महिन्यात त्या यंत्रणेचं काय झालं असतं, ही कल्पनाच करवत नाही. आणि सर्वांत बहारीची सोय म्हणजे, आत बसणाऱ्याला जगातलं हवं ते दृश्य निवडून समोर बघता येणार होतं. इमारतीचं चित्र, त्या चित्रात खिडकी, आणि खिडकीत पुन्हा चित्र! बाहेर काय दिसणार आहे याचा अंदाज त्यांना आला असावा.

ते अंडं उबलं नाही. पुढे त्याच आर्किटेक्टची ‘द कॅपिटल’ नावाची इमारत बीकेसीत उभी राहिली: काचेची, रीतसर पेटीसारखी, आणि तिच्या दर्शनी भागात काचेचंच एक अंडं बसवलेलं. अख्खं उकडलेलं सांगितलं होतं, हाफ-फ्राय आलं. इमारत वाईट नाही. शेजारच्या ठोकळ्यांपेक्षा बघायला बरीच बरी. पण ज्याने मूळ चित्र पाहिलं असेल, तो रिक्षातून जाताना त्या अंड्याकडे एकदा दयार्द्र नजरेने बघतोच.

बाहेर काय दिसतं, तेही सांगायला हवं. बीकेसी ही मूळची मिठी नदीकाठची दलदल. १९७७ साली एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाकडे नियोजन आलं आणि हळूहळू तिथे बँका उगवल्या. या भागाच्या झाडून सगळ्या चित्रांत मिठी निळी असते. काठाला फरसबंद वाट, वाटेवर सायकल, सायकलवर अर्थातच स्वीडिश मेहुणा. खऱ्या मिठीचा रंग ऋतू आणि वरच्या अंगाचे कारखाने मिळून ठरवतात, आणि वासाबद्दल तर चित्रकाराला बोल लावता येणार नाही, कागदाला नाक नसतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला त्या दिवशी ही नदी आपण नदी आहोत हे सगळ्यांना सांगून गेली. त्यानंतरच्या चित्रांतही ती निळीच आहे.

आता काच. चित्रात काच दोनच प्रकारची असते: एक, जिच्यात ढग दिसतात, दुसरी, जिच्यातून आतला प्रत्येक दिवा दिसतो. खऱ्या काचेतून काय दिसतं ते लोअर परळच्या पुलावरून, ट्रॅफिक अडकलेला असताना (म्हणजे केव्हाही), निवांत बघून घ्यावं. बाराव्या मजल्यावर कपाटाची पाठ. तिचा रंग समोरून वेगळा असणार, पाठीला कोण रंगवतो? चौदाव्यावर प्रिंटरची खोकी छतापर्यंत. त्याच्यावर कॉन्फरन्स रूम, तिच्या काचेवर ब्राउन पेपर चिकटवलेला, कारण चार वाजता पश्चिमेचं ऊन थेट प्रोजेक्टरच्या पडद्यावर येतं. एका खिडकीत गेल्या वर्षीच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर जपून ठेवलेलं; राज्य सरकारची थर्माकोलबंदी अजून त्या मजल्यापर्यंत चढलेली नाही. पडदे एकाचे वर, एकाचे खाली, एकाचा तिरका होऊन तसाच राहिलेला. कोट्यवधीचं कर्टन वॉल ग्लेझिंग, आणि आतून प्रत्येकाची धडपड चालली आहे ती तिची पुन्हा भिंत करण्याची.

याबाबतीत साहेबाच्या देशातही आनंदच आहे. लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवर राफाएल विन्योली यांनी वर फुगत गेलेला एक टॉवर बांधला. लोक त्याला वॉकीटॉकी म्हणतात. दक्षिणेची बाजू आत वळलेली, खोलगट. २०१३च्या उन्हाळ्याच्या शेवटी त्या खोलगट काचेने ऊन गोळा करून खालच्या रस्त्यावर धरलं आणि तिथे उभ्या असलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले. गाडीवाल्याला ९४६ पौंड भरपाई मिळाली. एका वार्ताहराने फुटपाथवर तवा ठेवून अंडं तळून दाखवलं. म्हणजे अंड्याशी या क्षेत्राचं नातं जुनंच आहे. विन्योलींचं म्हणणं असं, की ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या आराखड्यात होत्या, त्या खर्च वाचवायला गाळल्या. आणि शिवाय, आपण पूर्वी लंडनला आलो तेव्हा इथे इतकं ऊन पडत नसे. हे दुसरं कारण मला फार आवडतं. आपल्या कंत्राटदारांना ते अजून सुचलेलं नाही. पुढच्या वर्षी पट्ट्या बसल्या, म्हणजे वाचवलेला खर्च झालाच. त्याच इमारतीच्या माथ्यावर सार्वजनिक बाग दाखवली होती आणि परवानगी मिळण्यात त्या बागेचा मोठा वाटा होता. झाली ती बाग अशी, की जायला पैसे पडत नाहीत, पण आधी नाव नोंदवा, वेळ घ्या, बॅग तपासणीला द्या, आणि मग झाडं बघा. २०१५ साली या इमारतीला ब्रिटनमधल्या सर्वांत कुरूप नव्या इमारतीचं ‘कार्बंकल कप’ हे बक्षीस मिळालं.

बॉस्टनचा हॅनकॉक टॉवर याहून वरचढ. साठ मजली, आय. एम. पेई यांच्या कार्यालयातल्या हेन्री कॉब यांची रचना. कल्पना अशी की काच इतकी स्वच्छ, की टॉवर आकाशात विरून जावा आणि समोरच्या जुन्या ट्रिनिटी चर्चचं प्रतिबिंब तेवढं उरावं. १९७३च्या जानेवारीत वादळ झालं आणि काचा सुटून पडू लागल्या, एकेक सव्वादोनशे किलोच्या घरातली. पडलेल्या काचांच्या जागी प्लायवूड ठोकत ठोकत अशी वेळ आली की लोक टॉवरला ‘प्लायवूड पॅलेस’ म्हणू लागले. वारा जोराचा सुटला की पोलीस खालचे रस्ते दोरी लावून बंद करत. शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या. आज तो टॉवर खरोखर चित्रातल्यासारखा दिसतो, आणि देखणा दिसतो. मधली दोन-तीन वर्षं मात्र जगातलं सर्वांत उंच लाकडी कपाट बॉस्टनमध्ये होतं.

पुण्याने या बाबतीत वेळ दवडला नाही. महापालिकेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन जून २०१८मध्ये खुद्द उपराष्ट्रपतींच्या हस्ते झालं, आणि त्याच दिवशी पाऊस आला, आणि नवं कोरं छप्पर कार्यक्रमातच गळलं. लंडनकरांना दोष सापडायला आख्खा उन्हाळा लागला. पुणेकरांनी तो फीत कापता कापता शोधला. पण यात चित्रकाराची काय चूक? थ्रीडीत पाऊस पडतच नाही. कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि ताडपत्रीचं निळं झबलं घातलेला टॉवर मी एकाही चित्रात पाहिलेला नाही.

हिरवळीचं गणित थोडं वेगळं, तिथे कुणी लबाडी करतच नाही. चित्रात इमारतीभोवती गुबगुबीत लॉन असतं. मग फाइल अग्निशमन दलाकडे जाते. दलाचं म्हणणं रास्त असतं: आमची गाडी इमारतीभोवती फिरली पाहिजे. शिडीची गाडी लॉनवर चढवली तर ती बाहेर काढायला दुसरी गाडी लागेल. मग लॉनचे पेव्हर ब्लॉक होतात, आणि आर्किटेक्टच्या मनाला फारच लागलं तर भोकांचे पेव्हर ब्लॉक, ज्यांच्या भोकांतून गवत उगवावं अशी अपेक्षा असते. उगवतात सिगारेटची थोटकं. तसंच वरचं. मुंबईत एका मर्यादेच्या वर उंच गेलं की रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत आसऱ्याची जागा, सोडावा लागतो, आणि पुढे ठरावीक मजल्यांमागे पुन्हा. ही जागा उघडी ठेवायची असते, म्हणून एकसंध काचेत मधेच एक काळी फट दिसते, पुढचा दात पडल्यासारखी. चित्रात ती फट नसते, कारण चित्र काढलं तेव्हा इमारत अजून अग्निशमन दलाला भेटलेली नव्हती. आणि तळाची ती तीन मजली उंच, काचेची, दिवाणखान्यासारखी लॉबी? तिच्या डोक्यावर गाड्यांचे पाच मजले येऊन बसतात. प्रत्येक ऑफिसागणिक इतक्या गाड्या, असा हिशेब नियमात असतो. त्यामुळे मुंबईत पहिला मान गाडीचा, मग माणसाचा. माणसाला समुद्र दिसायला लागतो तो सातव्या मजल्यापासून.

लॉबीत शिरलं, की चित्रातली रिसेप्शनिस्ट दिसते. संगमरवरी टेबल आहे, मागे पितळी अक्षरांत नाव आहे. पण त्या टेबलाच्या अलीकडे एक लहान टेबल येऊन बसलेलं असतं, घरून आणल्यासारखं. त्यावर रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन, आणि गार्ड. ‘कुणाकडे? मोबाइल नंबर? ओटीपी आला का?’ ओटीपी येत नाही, कारण लॉबीत रेंज नसते, कारण काच उत्तम दर्जाची असते. कोपऱ्यात पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड कोरोनापासून उभा आहे. बाटली कधीच संपली, पण स्टँड हलवण्याचे अधिकार कुणाचे ते ठरलेलं नाही. खांबावर साईबाबा, पुढे विजेची पणती. कोट्यवधींच्या आराखड्यात त्या पणतीसाठी प्लग पॉइंट नव्हता. तिची वायर संगमरवरावरून पारदर्शक चिकटपट्टीने नेलेली आहे, अगदी सरळ रेषेत. सबंध इमारतीतलं ते सर्वांत काटेकोर काम.

आणि ज्याला चित्रात ‘प्लाझा’ म्हटलेलं असतं, जिथे लोकांनी भेटावं, बसावं, गप्पा माराव्यात, तिथे कारंजं असतं आणि ‘येथे बसू नये’ अशी पाटी. लोक भेटतात ते मागच्या गेटला, टपरीवर. व्हाइस प्रेसिडेंटपासून हाउसकीपिंगच्या पोरापर्यंत सगळे तिथे एकाच बाकड्याला टेकून कटिंग पितात. नोकरी बदलायचे निर्णय तिथे होतात, लग्नं तिथे जमतात. आर्किटेक्टला जी जागा साधली नाही ती एका स्टोव्हने आणि एका छत्रीने साधली. टपरीचा कुठल्याच थ्रीडीत पत्ता नसतो. रेरा कायद्याने जाहिरातीतल्या खोट्या दाव्यांवर बिल्डरला जाब विचारता येतो, हे चांगलंच झालं. पण चित्रात नसलेली गोष्ट मिळाली म्हणून तक्रार कोण करणार?

ही चित्रं करणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. अंधेरीतल्या एका जुन्या औद्योगिक गाळ्यात बसतो. दिवसभर काचेच्या इमारती करतो आणि स्वतः खिडकीला काळा कागद लावून बसतो, स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून. त्याला म्हटलं, अरे, एकदा तरी खरं चित्र काढ. पाऊस दाखव, रिक्षा दाखव.

‘काका, पाऊस चालतो,’ तो म्हणाला. ‘पडून गेलेला. ओला रस्ता दिला की दिवे मस्त चमकतात, शेठ खूश. फक्त पाणी साचलेलं नको. रिक्षा मागच्या प्रोजेक्टला टाकली होती, तिची मर्सिडीज करायला लावली. कबुतरं टाकली तर म्हणाले, सीगल करा.’

‘आणि माणसं?’

‘आता साडीवाल्या बायका मागतात, एखादी. इंडियन फील. पण परवा मी गेटवर एक वॉचमन उभा केला, खुर्ची, काठी, सगळं. म्हटलं, खरं वाटेल. शेठनी झूम करून बघितलं. म्हणाले, हा कोण? काढ याला.’

‘मग?’

‘काढून बघितला. पण तो गेल्यावर तिथे जागा फार रिकामी वाटायला लागली. मग त्याच्या हातात कॉफीचा ग्लास दिला आणि टोपी काढली. आता शेठ विचारतात, हा टेनंट कुठल्या कंपनीचा?’